मोहिते मॅडमचा आवाज

मोहिते मॅडम गेल्या तेव्हा आमच्या कॉलेजने शोकसभा घेतली, आणि शोकसभेत स्लाइड्स लावल्या.

पहिल्या स्लाइडवर मॅडमचा फोटो होता, भोवती फिरणाऱ्या फुलांची चौकट. दुसरीवर 'अल्प परिचय'. प्राचार्य माइकसमोर उभे राहिले, मान भिंतीकडे वळवली आणि भिंतीवरची अक्षरं आम्हाला वाचून दाखवायला लागले. जन्म, शिक्षण, सेवा. 'डिजिटल अध्यापनाच्या प्रणेत्या' ही ओळ पडद्यावर उजवीकडून सरकत आली. ती पूर्ण येईपर्यंत ते थांबले आणि मग वाचली. शेवटच्या स्लाइडवर घोषणा होती. कॉलेजच्या नव्या ई-कंटेंट स्टुडिओला कै. कुंदा मोहिते यांचं नाव देण्यात येणार. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण स्टुडिओ म्हटल्यावर दोघातिघांनी वाजवल्या.

मॅडमचे यजमान माझ्या शेजारी बसले होते. मोहिते काका कधी फारसं बोलत नाहीत. ते माझ्याकडे झुकून एवढंच म्हणाले, "हिने हे ऐकलं असतं ना, तर उठून गेली असती."

मग काकाच उठले. त्यांना धरून मी बाहेर आलो, रिक्षात बसवलं आणि घरी येऊन लिहायला बसलो. हे रागाने लिहितोय, हे आधीच सांगून टाकतो. ज्या बाईंनी आयुष्यभर यंत्रांना माणसाच्या कामाला लावलं, त्यांच्याच नावाने आता माणसांना काढून यंत्रं बसवणार. याचा राग येत नसेल तर मास्तरकी सोडून द्यावी.

आमचं कॉलेज डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला. मॅडम भूगोल शिकवायच्या, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमची टेबलं समोरासमोर होती. सहकाऱ्यांना नावाने हाक मारायची त्यांना सवय नव्हती. विषयाने मारायच्या. "अरे मराठी, पेन दे." "अगं इकॉनॉमिक्स, तुझा डबा उघडा राहिलाय." ठेंगणी मूर्ती, केस आखूड कापलेले, खांद्याला कापडी पिशवी. नौपाड्यातल्या जुन्या इमारतीत राहायच्या. चालायच्या इतक्या झपाट्याने की सोबत चालणारा माणूस बोलू शकत नसे, आणि बोलू शकत नसे म्हणून ऐकत असे.

त्यांचा राग वेगळा होता. लोकांचा आवाज रागात चढतो, मॅडमचा उतरायचा. चष्मा काढून हातात घ्यायच्या आणि एरवी ज्याला 'तू' म्हणायच्या त्याला 'आपण' म्हणायला लागायच्या. त्यांच्या तोंडून 'आपण' ऐकलं की शहाण्या माणसाने काढता पाय घ्यावा.

माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली ती एका कार्यशाळेत. विषय होता अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर. बाहेरून एक तज्ज्ञ आले होते. तासभर ते आम्हाला स्लाइड्स वाचून दाखवत होते. विद्यार्थी हा केंद्रबिंदू असावा. अध्यापन परस्परसंवादी असावं. हे सगळं ते आमच्याकडे पाठ करून वाचत होते. मागच्या रांगेतून मॅडम उठल्या, शांतपणे प्रोजेक्टरपाशी गेल्या आणि बटण बंद केलं. पडदा पांढरा झाला.

"सर, आता सांगा," त्या म्हणाल्या.

तज्ज्ञ हसले. "मॅडम, ते... ते सगळं त्यात आहे."

"त्यात आहे ते दिसलं. आपल्यात काय आहे ते सांगा."

ते बिचारे कागद चाळायला लागले. मॅडम म्हणाल्या, "आमच्या मुलांचं परीक्षेत हेच होतं. बाकावर चिठ्ठी असली की लिहितात, नसली की घाम फुटतो. त्याला आम्ही कॉपी म्हणतो आणि पेपर काढून घेतो." प्रोजेक्टर पुन्हा चालू करून त्या जागेवर येऊन बसल्या. चहापानाच्या वेळी त्यांच्या टेबलाकडे कोणी फिरकेना. मी गेलो. त्यांनी मला आपल्या बशीतलं बिस्किट दिलं आणि विचारलं, "मराठी, तू कविता शिकवताना फळ्यावर काय लिहितोस?" "विचार करून सांग," म्हणाल्या, आणि पुढल्या आठवड्यात खरंच पुन्हा विचारलं.

यावरून कोणाला वाटेल की बाई यंत्रांच्या विरोधात होत्या. अजिबात नाही. कॉलेजात व्हॉट्सॲपवर वर्ग जोडणाऱ्या त्या पहिल्या. त्यांच्या पिशवीत नेहमी दोन फोन असायचे. एक त्यांचा, आणि दुसरा तडा गेलेला, मुंगीच्या चालीने चालणारा, कुठल्यातरी दुकानातून मुद्दाम जुना घेतलेला. मुलांना काहीही पाठवायचं झालं की आधी त्या फोनवर उघडून बघायच्या. त्याच्यावर उघडलं नाही, तर वर्गाला जायचं नाही. "वर्गातला सगळ्यात फुटका फोन ज्याच्याकडे आहे, तो माझा विद्यार्थी," त्या म्हणायच्या. "बाकीचे आपलं आपण शिकतात."

धड्याआधी त्या आपल्या आवाजातलं एक छोटंसं रेकॉर्डिंग पाठवायच्या. लांबी किती, तर कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या आत संपलं पाहिजे. ते खरोखरच स्वयंपाकघरात, कुकर लावून करायच्या. पहिले श्रोते मोहिते काका. काकांना स्टुलावर बसवून ऐकवायचं, आणि ज्या जागी त्यांना जांभई येईल तेवढा भाग काढून टाकायचा. काका विक्रीकर खात्यातून निवृत्त झालेले. मला एकदा म्हणाले, "मला आता मान्सून झोपेतही सांगता येतो. पण जांभई दाबायची सोय नाही. हिला कळतं."

रेकॉर्डिंगच्या शेवटी उत्तर कधीच नसायचं, प्रश्न असायचा. 'तुमच्या नळाला पाणी येतं ते कुठून येतं, घरात विचारा.' मुलं घरात विचारायची, वॉचमनला विचारायची, टाकीचे फोटो काढायची आणि सगळ्यांनी मिळून केलेल्या नकाशावर खुणा करायची. वर्गात आल्यावर भांडण. दिवा स्टेशनजवळ राहणारा मुलगा म्हणायचा, आमच्याकडे टँकर येतो. एमआयडीसीतली मुलगी म्हणायची, आमच्याकडे चोवीस तास असतं. का? एकाच नदीचं पाणी ना? मग का? पुस्तकातला धडा तिथून सुरू व्हायचा. एकदा त्यांनी उपग्रहातून घेतलेली खाडीकाठची जुनी आणि नवी चित्रं मुलांना फोनवर शेजारी शेजारी ठेवून बघायला लावली. मग मागून एकजण म्हणाला, "मॅडम, आमची बिल्डिंग खाडीत आहे."

"मग पावसाळ्यात पाणी कोणाकडे येतं म्हणायचं?" मॅडमनी विचारलं. "ते तुमच्याकडे येतं, की तुम्ही त्याच्याकडे गेलेले?"

नोकरीतल्या शेवटच्या वर्षी मुलं मशीनकडून, म्हणजे एआयकडून, उत्तरं लिहून आणायला लागली. बाकीचे प्राध्यापक संतापले, कोणी शून्य मार्क देत सुटले. मॅडमनी एका मुलाचं उत्तर वाचलं. 'कोपर परिसराची भूरचना' असा विषय होता. मशीनने पहिल्या परिच्छेदात कोपर हा हाताच्या दोन हाडांना जोडणारा सांधा असल्याचं नोंदवलं होतं.

"हे तू वाचलंस?" त्यांनी विचारलं.

"नाही मॅडम. टाइमच नव्हता, जॉबवरून डायरेक्ट आलेलो."

"मशीनकडून लिहून घ्यायला माझी हरकत नाही. पण आता हे घेऊन कोपर स्टेशनच्या पुलावर जा, उभं राहून वाच, आणि यातलं काय काय खोटं आहे ते मला येऊन सांग."

तो गेला. परत आला तेव्हा त्याच्याकडे बोलायला इतकं होतं की तास संपला तरी थांबेना. यंत्र वापरायचं ते कसं, हे मी त्या दिवशी शिकलो. तेव्हापासून वर्गात एखाद्या कवितेचं मशीनने केलेलं रसग्रहण मीही मुलांना फाडायला देतो.

आता रागाकडे येतो.

लॉकडाऊनमध्ये सगळं ऑनलाइन झालं, तेव्हा आत्ताचे प्राचार्य उपप्राचार्य होते. त्यांनी नियम काढला. कॅमेरा चालू नसेल तर गैरहजर. नियम पाळला जातोय का बघायला ते स्वतः कोणाच्याही तासाला शिरायचे. मॅडमच्या तासाला कॅमेऱ्याची सक्ती नव्हती. मुलं ऐकतात की नाही ते प्रश्न विचारून कळतं, असं त्या म्हणायच्या. एका सकाळी उपप्राचार्य त्यांच्या तासाला आले. मीही होतो, कारण भूगोल आणि मराठीचा एक एकत्र प्रकल्प चालू होता.

"निकिता भालेराव, कॅमेरा ऑन," उपप्राचार्य म्हणाले.

"सर, राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "ती ऐकतेय. आत्ताच उत्तर दिलंय तिने."

"मॅडम, नियम सगळ्यांना सारखा. निकिता, ऑन कर, नाहीतर ॲबसेंट मांडतो."

मुलीने कॅमेरा लावला. कल्याण पूर्वेला चाळीतली एक खोली. पुढे निकिताचा चेहरा, मागे खाटेवर तिची आजारी आजी, आणि आई आजीचे कपडे बदलत होती. निकिताच्या लक्षात येऊन तिने फोन उलटा केला, तोवर सगळ्यांनी पाहिलं होतं. कोणाचातरी माइक चालू होता. त्यातून हसू ऐकू आलं.

मॅडमच्या खिडकीत मला दिसलं, त्यांनी चष्मा काढला.

"सर, आपण माझ्या वर्गातून बाहेर जावं," त्या म्हणाल्या.

"मॅडम, मी निरीक्षणासाठी..."

"आपल्याला दरवाजा सापडत नसेल तर मी दाखवते." आणि त्यांनी बटण दाबून उपप्राचार्यांना वर्गाबाहेर काढलं. आमच्या कॉलेजच्या इतिहासात असं कोणी केलेलं नाही. मग त्या मुलांना म्हणाल्या, "जो हसला त्याने मला फोन करायचा. मी कोणाला सांगणार नाही. पण फोन करायचा." संध्याकाळी तो फोन आला, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. नाव सांगितलं नाही.

निकिता ग्रुपमधून बाहेर पडली. फोन उचलेना. येण्याजाण्याची बंधनं सैल झाली तशा मॅडम शोधत तिच्या चाळीत गेल्या, मला बरोबर घेऊन, कारण मी कल्याणचा. दारात तिची आई आली. आत या म्हणाली नाही.

"तिला आता नाही शिकायचं," आई म्हणाली. "घरातलं घरात होतं ते बरं होतं. सगळ्यांसमोर गेलं. माझी सासू त्या दिवसापासून तोंड भिंतीकडे करून असते."

मॅडम उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसल्या. मी उभाच होतो, मग मीही बसलो. निकिता पडद्याआड होती. तिचे पाय दिसत होते.

मॅडम पडद्याकडे बघून बोलल्या. "बाळा, झालं ते चूक झालं आणि ते माझ्या वर्गात झालं. तुझा चेहरा मी मागणार नाही. आवाजही मागणार नाही. मी बोलेन, तू लिहून पाठव. चालेल?"

आईने आम्हाला पाणी दिलं. परत निघालो तेव्हा मॅडम इतक्या भराभर चालत होत्या की मी मागे पडलो. काही दिवसांनी त्यांना एक मेसेज आला. नळाच्या पाण्याच्या प्रश्नाचं उत्तर, तपशीलवार, खाली फक्त 'निकिता'. ती तशीच, एका शब्दानेही न बोलता, वर्षभर शिकली आणि पास झाली. गोष्ट इथे गोड होत नाही. निरोप समारंभाच्या फोटोला सगळी मुलं उभी राहिली तेव्हा ती मोबाइल समोर धरलेल्या मुलाच्या मागे जाऊन उभी राहिली. आणि ज्यांनी तिला कॅमेरा लावायला लावला, ते प्राचार्य झाले. विद्यार्थी केंद्रबिंदू असावा, असं त्यांच्या केबिनबाहेर लिहिलेलं आहे.

मॅडम निवृत्त होण्याच्या सुमाराला कॉलेजने मोठं पोर्टल आणलं. वर्गात स्मार्ट बोर्ड आले. प्राचार्यांनी मॅडमना सांगितलं, तुमच्या सगळ्या अभ्यासक्रमाची रेकॉर्डिंग्ज करून द्या, जी मुलं नोकरी करतात, ज्यांचे तास बुडतात, त्यांच्यासाठी. मॅडमना ते पटलं. वडापावच्या गाडीवर, मॉलमध्ये, कुरिअरच्या बाइकवर काम करून शिकणारी मुलं त्यांच्या वर्गात नेहमीच होती. त्यांनी जीव ओतून व्हिडिओ केले. मध्ये मध्ये त्या थांबायच्या आणि म्हणायच्या, "आता इथे व्हिडिओ थांबव. उत्तर वहीत लिही. मग पुढे जा." फायली त्यांनी आपल्याच ऑनलाइन खात्यात ठेवल्या, कारण चूक सापडली की दुरुस्त करायची त्यांना खोड होती. पोर्टलवर कॉलेजने नुसत्या लिंका चिकटवल्या.

त्या निवृत्त झाल्या. जागा भरली गेली नाही. तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढंच मानधन अशा बोलीवर, प्राजक्ता घरत नावाची मुलगी आली. डोंबिवलीजवळच्या आगरी गावातली, हुशार, मुलांत मिसळणारी. वर्ष छान गेलं. पुढच्या जूनमध्ये तिला सांगण्यात आलं, यंदा गरज नाही, काही लागलं तर कळवू. वेळापत्रकात भूगोलाच्या तासापुढे शिक्षकाच्या नावाऐवजी 'ई-कंटेंट' असं छापलेलं होतं.

प्राजक्ता नौपाड्याला मॅडमच्या घरी गेली तेव्हा मी तिथे होतो. काकांनी चहा ठेवला. तो व्हायची वाट न बघता ती म्हणाली, "मॅडम, वाईट वाटून घेऊ नका, पण मला तुमच्यामुळे काढलंय."

"माझ्यामुळे म्हणजे?"

"तुमचे व्हिडिओ आहेत ना. ते लावतात."

"गैरहजर मुलांना?"

"नाही मॅडम. वर्गात. तासाला."

"आणि वर्गात कोण असतं?"

"कोणी नाही. शिपाई लावून जातो."

काकांनी गॅस बंद केला त्याचा आवाज आला. मग मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाल्या, "मराठी, उद्या मी तुझ्याबरोबर कॉलेजला येते."

दुसऱ्या दिवशी आम्ही दुसऱ्या वर्षाच्या वर्गाच्या मागच्या दाराने आत गेलो. समोर बोर्डवर मॅडम शिकवत होत्या, स्वयंपाकघराच्या भिंतीसमोर उभ्या राहून. वर्गात मोजकी मुलं. एकजण बाकावर डोकं ठेवून झोपलेला, दोघी फोनमध्ये, एक मुलगी जर्नल उतरवत होती. बोर्डावरच्या मॅडमनी प्रश्न विचारला. पठाराच्या या बाजूला पाऊस कमी का पडतो? मग म्हणाल्या, "आता इथे व्हिडिओ थांबव. उत्तर वहीत लिही."

कोणी थांबवला नाही. थांबवणार कोण? व्हिडिओ तसाच पुढे गेला आणि बोर्डावरच्या मॅडम आपल्याच प्रश्नाचं उत्तर सांगायला लागल्या. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मॅडमनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की नखं रुतली. मी त्यांना अनेकदा रागावलेलं पाहिलं होतं. असं नव्हतं पाहिलं.

प्राचार्यांनी त्यांचं हसून स्वागत केलं. "या मॅडम, बघितलंत? तुम्ही निवृत्त झालातच नाही. मुलांना अजून तुमचाच लाभ होतोय."

"सर, मुलांनी मला प्रश्न विचारायचा असेल तर आपण काय सोय केलीय?"

"कमेंट बॉक्स आहे ना."

"त्याला उत्तर कोण देतं?"

"ते... बघू आपण. कमिटी नेमू."

"घरतला काढलंत."

"मॅडम, ती बरी आहे, पण नवखी. तुमच्यासारखं कोण शिकवणार? मुलांना उत्तमातलं उत्तम मिळतंय."

"मी पहिल्या वर्षी घरतहून वाईट शिकवत होते," मॅडम म्हणाल्या. आवाज इतका खाली गेला होता की प्राचार्य पुढे झुकले. "मी शिकले, कारण समोर मुलं होती. त्यांची तोंडं वाकडी झाली की कळायचं. आपण तिच्यासमोरून मुलं काढून घेतलीत आणि मुलांसमोरून मास्तर. आणि ते करायला माझा आवाज वापरलात. ते व्हिडिओ आपण उतरवावेत."

"सॉरी मॅडम, ते आता संस्थेचे आहेत."

"बरं," मॅडम म्हणाल्या आणि उठल्या.

घरी जाऊन त्यांनी काय केलं ते सांगतो. लिंका कॉलेजच्या होत्या, पण फायली मॅडमच्या खात्यात होत्या. त्यांनी आधी सगळे मूळ व्हिडिओ मुलांच्या ग्रुपवर थेट पाठवले. ज्याला हवे त्याने ठेवावेत, कधीही बघावेत, प्रश्न असेल तर मला फोन करावा. कोणाचंही नुकसान होऊ द्यायचं नव्हतं. मग स्टुलावर काकांना बसवून एक नवं रेकॉर्डिंग केलं आणि पोर्टलवरच्या एकूण एक लिंकेमागे मूळ फाइल काढून तेच ठेवून दिलं.

सोमवारी शिपाई सावंत आले, बोर्ड लावला, गेले. बोर्डावर मॅडम आल्या. मी व्हरांड्यात होतो. त्या म्हणाल्या:

"मी कुंदा मोहिते. मी निवृत्त झाले आहे. हा व्हिडिओ तुम्ही घरी बघत असाल, तर धडा ग्रुपवर आहे, तिथे जा. वर्गात बघत असाल, तर आजूबाजूला बघा. वर्गात शिक्षक आहे का? नसेल, तर तुमची फसवणूक होतेय. तुम्ही फी भरली आहे ती माणसाकडून शिकायला. उठा, प्राचार्यांच्या केबिनमध्ये जा आणि भूगोलाचा शिक्षक मागा. भांडू नका, शिव्या देऊ नका. मिळेपर्यंत मागा."

वर्गात आधी हशा झाला. मग कोणीतरी पुन्हा लावलं. दुसऱ्यांदा कोणी हसलं नाही. झोपलेला मुलगा उठून बसला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "अबे, खरंच बोलतायत की. फी आपण कशाला भरलेली?" जर्नल उतरवणारी मुलगी वही मिटून उभी राहिली. तिच्यामागे बाकीची. पुढच्या तासाला पहिलं वर्ष, त्यानंतर तिसरं. केबिनबाहेर मुलं येत राहिली. आरडाओरडा नाही. मुलं आत जायची, म्हणायची, "सर, आम्हाला भूगोलाला टीचर पाहिजे," आणि उभी राहायची. प्राचार्यांनी ओळखपत्रं जप्त करण्याची धमकी दिली. मुलांनी ओळखपत्रं काढून टेबलावर ठेवली.

संस्थेने मॅडमना वकिलाची नोटीस पाठवली. संस्थेच्या बौद्धिक संपदेचं नुकसान केल्याबद्दल. मॅडमनी प्राचार्यांना फोन लावून स्पीकरवर टाकला. मी समोरच होतो. "सर, माझी बुद्धी माझ्याबरोबरच निवृत्त झाली," त्या म्हणाल्या. "संपदा आपल्याकडे असेल तर बघा." पुढे नोटिशीचं काही झालं नाही.

प्राजक्ताला परत बोलावलं. आधीच्या निम्म्या तासांवर. मुलांनी वर्गात टाळ्या वाजवल्या, ती रडली, वगैरे सगळं झालं. पण निम्म्या तासांवर घर चालत नाही. वर्ष संपल्यावर ती कल्याणच्या एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये गेली. तिथे तिला रोज एकच धडा दिवसभर शिकवावा लागतो. आमच्याकडे भूगोलाला आता पुन्हा कोणी नाही. इतिहासाचे एक सर निवृत्त झालेत, त्यांचे व्हिडिओ तयार आहेत. त्या सरांची काही तक्रार नाही. पडद्यावर दिसायला त्यांना आवडतं. आणि स्टुडिओ बांधून झाला की त्याच्या दारावर मॅडमचं नाव लागेल. काकांनी कॉलेजला कळवलंय की नाव लावू नका. कॉलेजने उत्तर दिलेलं नाही. त्या दारावर मी पाटी लागू देणार नाही. कसं, ते अजून मला माहीत नाही.

मॅडमना मी शेवटचं पाहिलं ते खोपटच्या एस.टी. डेपोत. मी बहिणीकडे निघालो होतो. शहापूरकडे जाणाऱ्या गाडीच्या खिडकीत त्या दिसल्या. चेहरा उतरला होता, आजार सुरू झाला असावा, पण तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. मांडीवर पृथ्वीचा मोठा गोल होता, लाकडी बैठकीचा, दोन्ही हातांनी धरलेला.

"हे काय मॅडम?"

"वर डोंगरात एक छोटं कॉलेज आहे. भूगोलाला माणूस नाही. आठवड्यातून एकदा जाते."

"रेकॉर्डिंग पाठवायची ना."

"रेंज नाही तिथे," त्या म्हणाल्या. "आणि असती तरी गेले असते."

मी विचारलं, पगार वगैरे देतात का. त्यांनी मान हलवली, म्हणजे हो की नाही ते कळलं नाही. मग म्हणाल्या, "पहिल्या दिवशी एका मुलीने विचारलं, मॅडम, आपण यावर कुठे आहोत? मी बोट ठेवलं तर म्हणाली, एवढंसंच? अख्खा तास त्यातच गेला." त्या हसल्या. कंडक्टर आला, गोलाकडे बघून म्हणाला, "बाई, हा मांडीवर बसणार की सीटवर?"

"मांडीवर," मॅडम म्हणाल्या.

गाडीत माणसं चढत राहिली. दांड्याला धरून उभ्या असलेल्या बायकांनी खिडकी झाकली. ड्रायव्हरने गाडी मागे घेतली, वळवली आणि ती डेपोच्या फाटकातून बाहेर पडली. गर्दीत मॅडम दिसत नव्हत्या. काचेला टेकलेला गोल तेवढा दिसत होता, हिंदी महासागराची बाजू माझ्याकडे.